दप्तराविना शनिवार

दवाने ओलसर झालेल्या मातीवर चुन्याची फक्की लख्ख उठून दिसते आहे. जानेवारीतला शनिवार, सकाळचे पावणेआठ. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही जिल्हा परिषदेची शाळा. कुंपणापलीकडे भात कापून मोकळी झालेली खाचरं, बांधांवर ताडाची झाडं, आणि इकडे मैदानाच्या मधल्या पाटीत सातवीतली आठ मुलं उकिडवी बसलेली. एकाचं तोंड पूर्वेला, पुढच्याचं पश्चिमेला. नववी मुलगी पाठलागावर आहे. तिच्यापुढे तिघं हुलकावण्या देत सुटले आहेत.

आज कुणाच्याच पाठीवर दप्तर नाही. २०२४ पासून राज्यातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांना ‘आनंददायी शनिवार’ मिळाला. काही ठिकाणी तो अहवालात भरायचा एक रकाना होऊन राहिला. इथे तो दिवस उजाडताच सुरू होतो, कारण मैदान आखायला मुलं स्वतःच लवकर येतात.

पाटीत शेवटून तिसरी बसलेली, हिरव्या रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली मुलगी मी नजरेत धरली आहे. खेळ शिकवणाऱ्या बाईंनी मी आल्या आल्या सुचवलं होतं, “हुशार कोण ते विचारू नका. कुणाही एकीच्या मागे मागे राहा, वर्ग कळेल.” म्हणून ही.

ती पळत नाहीये, नुसती बसली आहे. पण तिचं काम चालूच आहे. खो-खोत बसलेल्या खेळाडूला अर्धं मैदान दिसत नाही. तोंड ज्या बाजूला, तेवढीच बाजू तिची. पाठीमागे काय चाललंय ते पावलांच्या आवाजावरून ताडायचं. पळणारा गडी रांगेतून कुठूनही आरपार जातो. पाठलाग करणारीला ती मोकळीक नाही. एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय तिला उलट फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. तिच्या हातात एकच उपाय उरतो, बसलेल्या सोबतिणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि तिची जागा घ्यायची. स्पर्श आणि शब्द एकाच क्षणी. शब्द आधी आला तर चूक, बसलेली आधी उठली तरी चूक.

हिरव्या रिबिनीची मान किंचित वळलेली आहे, डोळे अर्धवट मिटलेले. ती ऐकते आहे. पावलं तिच्या डावीकडून येतात, थांबतात, पुन्हा सुटतात. पाठीवर हात पडतो, “खो!”, आणि ती उठते ती थेट त्या मुलाच्या वाटेत. तो दचकून खांबाकडे वळतो. ती मागे. खांबाला वळसा घालताना तिचा पाय सटकतो, गुडघा मातीला टेकतो, आणि गडी निसटतो.

बाई शिट्टी वाजवतात. सगळे जागच्या जागी थांबतात. मला वाटतं आता त्या सांगतील, आतल्या बाजूला झुक, खांब हाताने धर. त्या तसं काही सांगत नाहीत. विचारतात, “वळताना तुझं डोकं कुठे होतं?”

मुलगी विचार करते. “सरळ. वर.”

“आणि त्याचं?” बाई निसटलेल्या मुलाकडे बोट करतात.

तो मुलगा स्वतःच विचारात पडतो. मग तो खांबाभोवती धावून दाखवतो, आणि सगळ्यांना दिसतं की तो अख्खा खांबाकडे कलतो, कान जवळजवळ खांबाला लागतो. हिरवी रिबीन एकटीच खांबाकडे जाते. हळू चालत एक फेरी. मग जरा जोरात. मग डाव्या हाताने खांब धरून, अंग आत टाकून. वेग वाढवला की जास्त कलावं लागतं, हे तिचं तिला उमगत जातं. प्रत्येक फेरीला ती थोडी अधिक तिरपी होते. बाकीचे पंधरा-वीस जण शांत उभे राहून एका मुलीचं वळणं पाहतात. तासातला हा वेळ वाया गेला असं तिथे कुणालाच वाटत नाही. आणि मला वाटतं, शाळा म्हणून काही असेल तर ते हेच, की एकीला समजायला जेवढा वेळ लागतो तेवढा बाकीचे तिला देतात.

वऱ्हांड्याच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलेलं आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. कात्रणातल्या प्रियांकाच्या चेहऱ्यावर बोटांचे ठसे उमटले आहेत, इतक्या जणींनी तिथे हात लावला आहे.

नऊच्या सुमाराला ऊन वर येतं आणि गुरुजी एका हातात चेंडू नि दुसऱ्या हातात चुंबळ घेऊन अंगणात येतात. डोक्यावर हंडा ठेवताना घेतात ती चुंबळ. चेंडू प्लास्टिकचा, आत रेती भरून जड केलेला, आणि त्यावर चिकटवलेला एक लहान आरसा. आरशावर काळा कागद, कागदाला बोटाच्या पेराएवढं चौकोनी भोक. चुंबळीवर चेंडू ठेवला की तो हवा तसा फिरवता येतो आणि फिरवला तिथेच राहतो. सूर्यग्रहणं आणि शुक्राची अधिक्रमणं सुरक्षितपणे पाहता यावीत म्हणून विज्ञान चळवळीतल्या मंडळींनी हा चेंडू-आरसा शाळाशाळांतून पोचवला. त्यातला सगळ्यात महाग भाग आरसा, आणि तोही जत्रेत मिळतो.

“आरशात कुणी डोकावायचं नाही. सूर्याकडे तर नाहीच नाही. आपण भिंतीकडे पाहायचं.” गुरुजी हे दोनदा सांगतात आणि प्रत्येकाकडून वदवून घेतात.

वर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आहेत. दार तेवढं उघडं. चेंडू अंगणात, वर्गाच्या पलीकडच्या भिंतीपासून बरोबर वीस मीटरवर. अंतर मोजायला मीटर-मीटरवर गाठी मारलेली दोरी. आरशावरून उसळलेलं ऊन दारातून आत जाणार आणि भिंतीवर पडणार.

“भिंतीवर काय दिसेल?”

“चौकोन,” सगळे एकदम सांगतात. हिरवी रिबीनही. भोक चौकोनी आहे, मग कवडसा चौकोनी पडणार, यात विचारायचं काय?

गुरुजी एका मुलाला पुठ्ठा घेऊन आरशापाशी उभं करतात. पुठ्ठ्यावर चौकोन पडतो. मुलं माना डोलावतात. “आता मागे मागे जा.” तो मागे सरकत जातो. चौकोनाचे कोपरे बोथट होतात. आणखी मागे, कोपरे गेले. तो वर्गात शिरतो, भिंतीला पाठ टेकतो, पुठ्ठा बाजूला घेतो, आणि भिंतीवर वाटोळा, फिकट पांढरा उजेड थरथरत उभा राहतो. ताटलीएवढा.

वर्गात एकदम गलका होतो. हिरवी रिबीन ओरडत नाही. ती भिंतीजवळ जाते, गोलाच्या कडेवर बोट ठेवते आणि विचारते, “कोपरे कुठे गेले?”

गुरुजी उत्तर देत नाहीत. ते तिला कात्री आणि काळ्या कागदाचा तुकडा देतात. ती त्रिकोणी भोक कापते. आरशाजवळ पुठ्ठ्यावर त्रिकोण, भिंतीवर पुन्हा गोल. दुसरी एक मुलगी चांदणी कापायचा प्रयत्न करते, वेडीवाकडी. भिंतीवर गोलच. आता हिरवी रिबीन बराच वेळ दारात उभी आहे. एकदा चेंडूकडे, एकदा भिंतीकडे बघते. मग तिथूनच म्हणते, “गुरुजी, तो भोकाचा आकार नाही. तो सूर्यच आहे.”

सातवीच्या वर्गात, काळोखात, भिंतीवर सूर्य आहे. तो वाक्यातला सूर्य नाही, चित्रातला नाही. पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेला त्याचा स्वतःचा आकार. हे मी लिहिते आहे तेव्हाही माझ्या अंगावर काटा आहे.

एक मुलगा पेन्सिलने त्या गोलाची कड भिंतीवर आखायला घेतो. आखून होत येते तोवर गोल पेन्सिलच्या रेघेबाहेर सरकलेला असतो. तो चिडून पुन्हा आखतो. पुन्हा तेच. “कुणी चेंडू हलवला?” अंगणातले दोघं शपथेवर सांगतात, आम्ही लांब उभे आहोत. गुरुजी घड्याळ काढतात. साधारण दोन मिनिटांत भिंतीवरचा सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला जातो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे या मुलांनी खालच्या वर्गातच पाठ केलं आहे, परीक्षेत लिहून गुणही मिळवले आहेत. पण आत्ता, पेन्सिल हातात धरून उभा असलेला तो मुलगा पहिल्यांदा पायाखाली पाहतो. पाठ केलेलं आणि पाहिलेलं यांच्यात केवढं अंतर असतं, ते त्या खाली वळलेल्या नजरेत मला दिसतं, आणि माध्यमिक शाळेत विज्ञान फळ्यावरून वहीत उतरवून घेतलेल्या माझ्या पिढीबद्दल फार वाईट वाटतं.

आता मोजणी. तीन गट, तिघांचं माप वेगळं, कारण कड धूसर आहे आणि कुठे संपते यावर वाद होतात. एका गटाचं माप १८ सेंटिमीटर, हिरव्या रिबिनीच्या गटाचं १९, तिसऱ्याचं २०. वीस मीटरवर एवढा, तर पंधरा कोटी किलोमीटरवर केवढा? गुरुजी दोन त्रिकोण काढतात, एक इवलासा, एक फळाभर, टोकाला टोक लागलेले. बाकी हिशेब मुलांचा. फळ्यावर उत्तरं येतात: १३ लाख ५० हजार किलोमीटर, १४ लाख २५ हजार, १५ लाख. मग गुरुजी शेजारी पुस्तकातला आकडा लिहितात, सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार.

कुणी जिंकलं असं ते म्हणत नाहीत. फक्त एक भर घालतात: पृथ्वीची वाट पुरती गोल नाही, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. हिरवी रिबीन मांडी घालून जमिनीवरच खडूने पुन्हा गुणाकार मांडते. १३ लाख ९६ हजार ५००. ती आकडा दोनदा तपासते, मग शेजारणीला कोपर मारून दाखवते. एका चेंडूने, एका चुंबळीने आणि गाठी मारलेल्या दोरीने पाड्यावरच्या मुलीने सूर्य मोजला आहे.

“पण जवळ आहे तर थंडी का?” मागून कुणीतरी विचारतं. गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. हाच प्रश्न येण्याची ते वाट पाहत असावेत. तो प्रश्न ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याला चौकट करतात. सोमवारपर्यंत तो तिथेच राहणार आहे.

वऱ्हांड्यात आजी केव्हाची येऊन बसली आहे. पाड्यावरची सगळी मुलं तिला आजीच म्हणतात. ती धवलेरी, वारल्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणते, आणि लग्नघरच्या भिंतीवर चौकाचं चित्र लिहिताना सवाशिणींमध्ये पुढे असते. शाळेने तिला चित्रकला शिकवायला बोलावलं आहे. चित्रकलेचा तास गणिताला किंवा सराव परीक्षेला देऊन टाकणाऱ्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या. इथे तो तास एका निरक्षर बाईच्या हाती दिला आहे, आणि त्या निर्णयासाठी मला या शिक्षकांचे आभार मानावेसे वाटतात. या मुलांची घरची बोली वारली. पुस्तकाची मराठी ती शाळेत येऊन शिकली. आजी वारलीतच बोलते. मला निम्मं कळतं, उरलेलं शेजारी बसलेली हिरवी रिबीन मराठीत सांगते. आज सकाळपासून पहिल्यांदा वर्गाची भाषा तिची आहे आणि समजून घेण्याची पाळी माझी.

गेरू फासून वाळवलेले कागद, वाटीत पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, त्यात थोडा डिंक, आणि टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. एवढंच सामान. आजी काही समजावत नाही, नुसती लिहिते. वारली भाषेत चित्र काढत नाहीत, लिहितात. आधी वरचा त्रिकोण, मग त्याच्या टोकाला टोक भिडवून खालचा, वर डोक्याचा ठिपका, हातापायांच्या रेघा. माणूस उभा राहतो. करंगळी कागदावर रोवून ती हात फिरवते आणि गोल पुरा होतो, कंपासशिवाय.

ही चित्रं पूर्वी लग्नाच्या चौकापुरती आणि बायकांच्याच हातची असत. याच तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली, रोजचं जगणं त्यांत भरलं, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना हे नाव सांगावं लागत नाही. त्यांच्यातल्या काहींचे बाप आणि काका चित्रं विकून घर चालवतात.

बाकीचे शेत, गाडी, मधमाश्यांचं पोळं काढणारा माणूस असं काहीबाही लिहू लागतात. हिरवी रिबीन मात्र सकाळची पाटी लिहायला बसली आहे. खांब झाले. धावणारे तिघं झाले. बसलेल्यांपाशी घोडं अडलं. दोन त्रिकोणांचा माणूस उभा राहतो, पळतो, नाचतो; पण उकिडवा कसा बसेल? ती एक लिहिते, तो पडल्यासारखा दिसतो. दुसरा आजारी दिसतो. ती काडी वाटीत टाकते आणि आजीकडे बघते.

आजी म्हणते, बस.

ती वऱ्हांड्यातच खो-खोची बैठक घेते. टाचा उचललेल्या, हात गुडघ्यांवर, मान कलती. आजी पुढे होऊन तिच्या पाठीवरून बोट फिरवते, मग कमरेपाशी, मग मांडीवरून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यावरून घोट्यापर्यंत. बोट जिथे वळतं तिथे शरीर मोडतं. मुलगी तशीच बसून ते बोट अंगावर वाचते. मग उठून कागदाशी जाते. वरचा त्रिकोण पुढे झुकवते, खालचा जवळजवळ आडवा करते, पायाची रेघ गुडघ्यात मोडून टाच अधांतरी ठेवते. बसला! कधीही उठेल असा बसला. मग उरलेले सात ती भराभर लिहिते, एक इकडे, एक तिकडे.

खांबाजवळची मुलगी ती शेवटी लिहिते. तिरपी, खांबाकडे कललेली, डोकं जवळजवळ खांबाला टेकलेलं. कुणी सांगितलं नाही, सुचवलं नाही. आजी ती आकृती पाहून आपल्या कागदावर तारपा नाच लिहायला घेते. मधोमध तारपावाला, दुधी आणि बांबूचं ते लांब वाद्य फुंकणारा, आणि त्याच्यापासून बाहेर उलगडत जाणारी माणसांची रांग, एकमेकांना धरलेली. त्या रांगेतला एकेक माणूस आतल्या बाजूला कललेला आहे. हिरवी रिबीन दोन्ही कागद शेजारी शेजारी धरते आणि कितीतरी वेळ काहीच बोलत नाही.

संगणकाची खोली लहान आहे. पाच संगणक, त्यातले तीन चालू, छपरावर सौर पॅनेल असल्यामुळे वीज जाण्याची धास्ती नाही. पण गुरुजी आधी तिथे नेत नाहीत. ते हिरव्या रिबिनीला वऱ्हांड्याच्या मध्यभागी उभं करतात आणि इतरांना सांगतात, “हिला फक्त दोनच गोष्टी कळतात. पुढे इतकी पावलं, आणि वळ इतकी. हिच्याकडून गोल काढून घ्या.”

“गोल फिर,” एकजण म्हणतो. ती ढिम्म. तिला ‘गोल’ कळत नाही. “पुढे चार. उजवीकडे वळ.” ती काटकोनात वळते. चौकोन होतो. हळूहळू मुलांना सापडतं: एक पाऊल, थोडंसं वळ, एक पाऊल, थोडंसं वळ. ती वऱ्हांडाभर फिरून सुरुवातीच्या फरशीवर येते. अमेरिकेत १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली. तिच्यातलं कासव नेमकं एवढंच जाणत असे, पुढे जाणं आणि वळणं. आणि अडलं तर मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावं, असा पॅपर्ट यांचा आग्रह होता. त्याच घराण्यातलं स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटीतून सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि इंटरनेट नसतानाही ते इथल्या जुन्या संगणकांवर चालतं.

पडद्यावर कासवाच्या जागी मांजर आहे. हिरवी रिबीन ठोकळे जोडते: १ पाऊल पुढे, १ अंश वळ, हे ३६० वेळा. मांजरामागे निळी रेघ उमटत जाते आणि गोल बंद होतो. “मोठा कर,” शेजारी बसलेला मुलगा म्हणतो. ती पाऊल दुप्पट करते. मांजर पडद्याच्या तळाशी जाऊन अडकतं आणि गोल खालून चपटा होतो. दोघं वाद घालतात. मग ती वऱ्हांड्याकडे पाहते, बोटाने हवेत एक फेरी मारते आणि मांजराला सुरुवातीलाच वर नेऊन ठेवते. आता गोल मावतो.

आणि मग ती गुरुजींना विचारते, पाऊल दर वेळी थोडं थोडं वाढवता येईल का?

मला कळायला क्षणभर लागतं. ती तारपा नाच मागते आहे. गुरुजी तिला ‘चल’ म्हणजे बदलत राहणारी संख्या कशी ठेवायची ते दाखवतात; एवढंच सांगावं लागतं. वळण ५ अंशांचं. पूर्ण फेरीला ७२ वेळा, तीन फेऱ्यांना २१६. पाऊल १ पासून सुरू, दर वेळी ०.०५ ने मोठं. रेघ मधून निघते आणि उलगडत उलगडत बाहेर येते. तिघं-चौघं खुर्चीमागे गोळा होतात. मांजर काढून ती दोन त्रिकोणांचा माणूस रंगवते, आणि दर सहाव्या पावलाला त्याचा शिक्का उमटवायला लावते. आता पडद्यावर रेघ नाही, माणसांची रांग आहे.

ती धावत जाऊन आजीला घेऊन येते. आजी पदराने हात पुसत दारात उभी राहून बघते. पडद्याजवळ येते. आतल्या माणसांवर बोट ठेवते, मग बाहेरच्या माणसांवर, आणि काहीतरी म्हणते. मुलीचा चेहरा उतरतो.

“काय म्हणाली?”

“बाहेरची माणसं इतकी लांब लांब का? हात कसे धरणार, म्हणते.”

बरोबर आहे. आत माणसं एकमेकांवर चढली आहेत, बाहेर दोघांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. पाऊल वाढत जातं, म्हणून अंतरही वाढत जातं. कधी संगणकाला हात न लावलेल्या बाईने एका नजरेत ती चूक धरली, कारण नाच तिच्या पायांत आहे. गुरुजी सरसावतात, आणि थांबतात. मी त्यांच्याकडे पाहते आहे. हे थांबणं त्यांना सोपं जात नाही.

मुलगी ठोकळ्यांकडे पाहत बसते. मग उठते, खुर्ची मागे सारते आणि वऱ्हांड्यात जाऊन चालू लागते, एकसारखी पावलं टाकत. सुरुवातीला खूप वळते, मग कमी, मग आणखी कमी. दुसऱ्या फेरीच्या मध्येच ती थांबते आणि परत येते.

“पाऊल तेवढंच ठेवायचं. वळणं कमी कमी करायचं.”

पाऊल १०. वळण ४० अंशांपासून, दर वेळी १ ने कमी. दर पावलाला एक माणूस. किती वेळा, ते तिला ठाऊक नाही, ती ५० लिहिते. सुरू करायचा हिरवा झेंडा दाबते.

पहिला माणूस, दुसरा, तिसरा. सारख्या अंतरावर, एकमेकांच्या हाताला लागून रांग मधून उलगडत जाते, पहिली फेरी, दुसरी फेरी. आजी मान डोलावते. पण रांग तिथे थांबत नाही. शेवटची माणसं सरळ होत जातात, एका ओळीत येतात, आणि अगदी टोकाची तर उलट्या बाजूला वळू लागतात.

आजी खळखळून हसते आणि काहीतरी बोलते. या वेळी वर्गातली सगळी पोरं आधी हसतात, मग मला सांगायला येतात.

“ही घरी चालली, म्हणते. नाचून दमली.”

स्वयंपाकघरातून खिचडीचा वास येतो आहे, ताटल्यांचा खडखडाट सुरू झाला आहे, शनिवार असल्यामुळे जेवणानंतर लगेच सुट्टी. हिरवी रिबीन जागची उठत नाही. ती पडद्यावर बोट ठेवून आतून एकेक माणूस मोजते आहे. चाळिसाव्यापर्यंत रांग आत वळते. एकेचाळिसावा सरळ जातो. ४० मधून ४० वेळा १ गेले की उरतं शून्य, आणि त्याच्याही पुढे? “उणे,” ती स्वतःशीच म्हणते, “उणे झालं म्हणून उलटं वळतंय.” ती ५० खोडते, ३६ लिहिते, आणि मधोमध मोकळ्या राहिलेल्या जागेवर बोट आपटत गुरुजींना विचारते, तारपावाला कसा बसवायचा.